दर उन्हाळ्यात कॅलॅथियाच्या कडा करपतात? आधी पाणी तपासा

तक्रार नेहमी एकाच क्रमाने येते. पावसाळ्यात नर्सरीतून आणलेलं कॅलॅथिया, म्हणजे नक्षीदार पानांचं घरातलं शोभेचं झाड, दिवाळीपर्यंत झकास वाढतं, थंडीत जरा थबकतं आणि फेब्रुवारी सरता सरता पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात. मार्चमध्ये ती तपकिरी रेघ टोकावरून कडेकडेने खाली उतरते. मे महिन्यात हात लावला की पान कुरकुर वाजतं. मग पाऊस सुरू होतो, जुलैत नवीन पान अगदी स्वच्छ निघतं आणि घरात निकाल लागतो, "हवाच कोरडी होती, दुसरं काही नाही." पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तोच खेळ.

हवा कोरडी असते हे खरंच आहे. पण त्याच महिन्यांत आणखी एक गोष्ट बदलते आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही: नळाचं पाणी. धरणाचं पाणी कमी दाबाने यायला लागतं, दिवसाआड होतं, आणि सोसायटीची टाकी बोअरवर नाहीतर टँकरवर जाते. पुण्याकडच्या वाघोली, हिंजवडी, उंड्रीत किंवा ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. माझं मत असं की आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये कॅलॅथियाचं मूळ दुखणं बहुतेक वेळा क्षारांचं असतं; कोरडी हवा ते फक्त लवकर बाहेर आणते. म्हणून हजारो रुपयांचा ह्युमिडिफायर घेण्याआधी काही शे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र, घ्या.

पुढे मी सरसकट कॅलॅथिया असाच शब्द वापरणार आहे. वनस्पतीशास्त्रज्ञांनी २०१२ साली यातल्या बऱ्याच जाती गोएपर्टिया नावाच्या प्रजातीत हलवल्या, पण नर्सरीवाल्याकडे जाऊन गोएपर्टिया मागितलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. मॅरांटा, टेनँथे, स्ट्रोमँथे ही याच कुळातली भावंडं. आरारूट ज्याच्या कंदापासून करतात ते झाडही याच कुळातलं. पाण्याबद्दल जे लिहिलंय ते या सगळ्यांना लागू आहे, आणि ड्रॅसेना व स्पायडर प्लँटची टोकं जळतात त्यांनाही.

पान आधी नीट वाचा

उपाय करण्याआधी खराब पान खिडकीशी नेऊन उजेडात धरा, पालथं करून बघा. करपणं सगळं एकसारखं नसतं.

टोकापासून सुरू होऊन कडेने पातळ, कोरडी, तपकिरी पट्टी, तिच्या आत बारीक पिवळी रेघ, बाकी पान हिरवं आणि ताठ, आणि जुन्या पानांवर जास्त, नव्या पानावर कमी: हे क्षारांचं लक्षण. आजचा लेख मुख्यतः याच्यासाठी आहे.

पानाच्या मधोमध किंवा खिडकीकडच्या बाजूलाच फिकट, पांढुरका-तपकिरी डाग असेल तर ते उन्हाने भाजलंय. डाग मऊ, काळसर, ओलसर असेल आणि खालची पानं देठासकट पिवळी पडत असतील तर मुळांकडे बघा, मुळकूज असणार. पानावर बारीक बारीक फिकट ठिपके आणि एकंदर रंग उडाल्यासारखा वाटत असेल तर लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारा अगदी बारीक जीव, त्याच्याबद्दल खाली. नवीन पान सुरळीतून बाहेर पडतानाच अडकतंय, फाटतंय, तर ती मात्र खरीखुरी कोरड्या हवेची खूण.

पान दिवसा गुंडाळलं गेलं तर लोक लगेच पाणी घालतात. थांबा, बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी असेल तर तहान आहे, पाणी द्या. माती ओली असूनही पान गुंडाळलेलं असेल तर मुळं पाणी उचलत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे रोग्याला बुडवणं. आणि रात्री पानं वर उभी राहतात, ते दुखणं नाही. पानाच्या बुडाशी देठावर जो फुगीर सांधा असतो त्यातल्या पेशी पाणी आत-बाहेर करून पान हलवतात. ही हालचाल अचानक बंद झाली तर उजेड कमी पडतोय किंवा झाड तहानलंय असं समजा.

कडाच का जळतात

मुळांनी घेतलेलं पाणी पानात चढतं आणि वाफ होऊन निघून जातं. त्यातले क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला साचतात, आणि पानात शेवटचं टोक म्हणजे कडा. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसाच हा प्रकार. कॅलॅथियाच्या पानाच्या टोकाला सकाळी पाण्याचा थेंब लोंबताना तुम्ही पाहिला असेल. तो सुकला की त्यातलं मीठही तिथेच राहतं.

आता उन्हाळा यात काय करतो बघा. हवा जितकी कोरडी तितकं पानातून पाणी जास्त उडतं, तितकं झाड मुळांतून जास्त पाणी ओढतं, तितके क्षार जास्त वर येतात. वर मातीतूनही पाणी उडतं आणि कुंडीत उरलेलं पाणी आणखी खारट होतं. आपण पाण्याच्या पाळ्या वाढवतो, म्हणजे क्षारांचा पुरवठाही वाढवतो. पावसाळ्यात नेमकं उलटं: हवा दमट, पान कमी पाणी उडवतं, कुंडी बाल्कनीत असेल तर पावसाने धुऊनही निघते. म्हणून जुलैतलं पान स्वच्छ येतं आणि सगळं श्रेय हवेला जातं.

क्षारांमध्ये सगळे सारखे वाईट नसतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. ते मातीचा सामू (पीएच) हळूहळू वर नेतं आणि मग लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवीन पान पिवळट आणि शिरा हिरव्या अशी खूण दिसते. अकोला, दर्यापूर भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांकडे सोडियम आणि क्लोराइडही भरपूर, तिथलं मचूळ पाणी कॅलॅथियाला घालूच नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि फ्लोराइड तर या कुळाला अगदी थोड्या प्रमाणातही सोसत नाही.

पाणी मोजा, अंदाज नको

टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो, पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. कोणत्या क्षारामुळे तो आकडा आलाय हे तो सांगत नाही, पण आपल्या कामापुरता पुरतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलेला "पाणी पिण्यायोग्य" हा अहवाल खरा असूनही तेच पाणी कॅलॅथियासाठी जड असू शकतं.

माझा ढोबळ हिशोब असा: १५० च्या खाली निर्धास्त घाला. १५० ते ३०० मध्ये जमेल, पण कुंडी अधूनमधून धुवावी लागेल. ३०० च्या वर कडा जळणारच, प्रश्न फक्त कधी. मुंबईत तानसा, भातसा, वैतरणेचं महापालिकेचं पाणी सौम्य असतं. तिथे थेट नळाचं पाणी मिळणाऱ्याने पाण्याऐवजी आधी लाल कोळी आणि एसी यांच्यावर संशय घ्यावा. पुण्यात खडकवासल्याचं पाणी चांगलं, पण तुमच्या टाकीत ते एकटंच आहे का, हा खरा प्रश्न. म्हणून एकदाच मोजून उपयोग नाही. जानेवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा, मेमध्ये एकदा मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. कडा जळायला लागल्याची तारीखही तिथेच लिहा. दोन नोंदी शेजारी शेजारी आल्या की बाकीचं मला सांगावं लागणार नाही.

इथे एक सापळा आहे, आणि नव्या सोसायट्यांमध्ये तो फार दिसतो. "आमच्याकडे सॉफ्टनर प्लँट बसवलाय, पाणी एकदम सॉफ्ट आहे." साबणाला फेस येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, सगळे खूश. पण हा सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. खालच्या पंपरूममध्ये मिठाच्या गोण्या येतात त्या त्यासाठीच. मीटर लावून बघा, टीडीएस जवळजवळ तेवढाच असतो. झाडाच्या दृष्टीने हा बदल वाईटच आहे, कारण कॅल्शियम निदान कामाचं होतं. अशा इमारतीत प्लँटच्या आधीचं पाणी मिळत असेल, उदाहरणार्थ बागेच्या नळाला, तर झाडांना तेच बरं.

पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने क्लोरीन उडतं. क्षार उडत नाहीत, उलट थोडं पाणी उडाल्याने तसूभर वाढतात. उकळल्याने बायकार्बोनेटमधला काही चुना तळाशी बसतो, पण सोडियम, क्लोराइड, फ्लोराइड जिथल्या तिथे. तुरटी फिरवून पाणी नितळ होतं, सौम्य होत नाही. लिंबू पिळण्याचाही एक पंथ आहे. त्याने पाण्याचा सामू खाली येतो हे खरं, पण मिठाचं काय?

मग पाणी आणायचं कुठून?

आरओचं पाणी सर्वात सोयीचं. घरच्या आरओचा आकडा साधारण १०० च्या आत असतो. सहा इंची कुंडीला आठवड्याला पाऊण-एक लिटर लागतं, म्हणजे पाच कुंड्यांना चार-पाच लिटर. एवढ्यासाठी आरओ चालवणं परवडतं. बाहेर फेकलं जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा. मात्र ते फेकायचं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने बरेच जण नेमकं तेच करतात आणि त्यात तर सगळे काढून टाकलेले क्षार एकवटलेले असतात. जास्वंद, कढीपत्ता कदाचित सहन करतील, कॅलॅथिया करणार नाही.

एसीच्या पाइपमधून गळणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, क्षार जवळजवळ शून्य. मुंबई, ठाणे, पणजीत रात्रभरात बादली भरते. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी मात्र त्याच एसीतून फारसं काही येत नाही, कारण हवेत वाफच कमी. एसीची सर्व्हिसिंग रसायनाने केली असेल तर पुढचे काही दिवस ते पाणी सोडून द्या.

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या, नंतरचं कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा. उघडं ठेवलंत तर डेंग्यूचा डास त्यात अंडी घालेल आणि महापालिकेचा माणूस नोटीस देईल, दोन्हीही रास्त. अंधाऱ्या जागी ठेवलं तर शेवाळ धरत नाही. मे महिन्यापर्यंत पुरवायचं असेल तर जागा किती लागेल याचा हिशोब घरच्यांना विचारून करावा.

काहीच शक्य नसेल तर मिसळा. ६०० चं बोअरचं पाणी आणि ५० चं आरओचं पाणी समभाग घेतलं तर साधारण ३२५ होतं. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेतलं तर १९० च्या आसपास. उलट, वर्षभर नुसतं आरओ, एसी किंवा पावसाचं पाणी घालणाऱ्यांनीही थोडं नळाचं पाणी मिसळत जावं, किंवा गांडूळखत नियमित द्यावं, कारण अगदी शुद्ध पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही नसतं आणि काही महिन्यांत झाडाला ते कमी पडतं.

साचलेलं मीठ धुऊन काढणं

पाणी आजपासून बदललं तरी कुंडीत महिनोन्‌महिने साचलेले क्षार तसेच आहेत. किती आहेत ते कळायला एक सोपी चाचणी आहे. नेहमीसारखं पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा. मग कुंडीखालची बशी रिकामी करून स्वच्छ पुसा आणि वरून अर्धा कप आरओचं पाणी गोल फिरवत ओता. खाली जे पहिलं पाणी गळेल ते मोजा. मुळांभोवती खरोखर काय चाललंय ते हा आकडा सांगतो. हजारच्या वर गेला तर धुणं टाळू नका. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसत असतील तर चाचणीचीही गरज नाही.

धुण्यासाठी कुंडी बाथरूममध्ये न्या. पुटं चढलेला मातीचा वरचा अर्धा इंच खरवडून टाकून द्या. मग कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट पाणी, म्हणजे दोन लिटरच्या कुंडीला सहा-आठ लिटर, सावकाश, थांबत थांबत घाला. शेवटचे दोन लिटर तरी कमी टीडीएसचे हवेत. सगळं पाणी निथळेपर्यंत कुंडी तिरकी टेकवून ठेवा, बशीत पाणी राहू देऊ नका. फेब्रुवारी ते जून दर महिना-दीड महिन्याने हे करा. निचरा वाईट असलेल्या कुंडीत मात्र हा प्रयोग करू नका, मुळं कुजतील. आधी माती बदला.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, हे आधीच मान्य करा. उपाय लागू पडला की नाही ते जुन्या पानांकडे बघून कळणार नाही. उपायानंतर निघालेलं दुसरं किंवा तिसरं पान बघा. पहिलं पान आधीच सुरळीत तयार झालेलं असतं, त्याच्यावर निकाल देऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, माती, जागा, खत सगळं एका रविवारी बदललंत तर झाड सुधारलं तरी कशाने ते कळणार नाही, आणि बिघडलं तरीही नाही. कडा डोळ्यांना खुपत असतील तर कात्रीने पानाच्या आकारानेच कापा, तपकिरी रेघ केसभर ठेवून. हिरव्या भागात कापलंत तर तिथे नवी तपकिरी कड येते.

मातीतला गुपचूप शत्रू

पाणी सुधारून, कुंडी धुऊनही नवीन पानं करपत असतील तर कोकोपीटकडे बघा. नारळाच्या काथ्याची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, आणि स्वस्त कोकोपीटच्या विटेत सोडियम-पोटॅशियम भरपूर असतं. वीट भिजवल्यावर निघालेल्या तांबूस पाण्यात मीटर बुडवून बघा, डोळे उघडतील. आकडा तुमच्या धुण्याच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत भिजवायची, पिळायची, पुन्हा भिजवायची.

दुसरा प्रकार उलटा. नर्सरीतून आलेल्या पिशवीत चिकट लाल माती घट्ट बसलेली असते, कधी मधोमध तिचा गोळा आणि भोवती कोकोपीट. गोळा दिवसेंदिवस ओला, भोवतीचा भाग कोरडा. वरून बोट घातलं तर कोरडं लागतं, तुम्ही पाणी घालता आणि आत मुळं गुदमरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला हा गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवा. मुळांना पांढरट, पाणीदार गाठी दिसल्या तर घाबरू नका, कापू नका. त्यात झाड पाणी साठवतं. तपकिरी, मऊ, ओढल्यावर साल निसटून आत दोरा उरतो अशी मुळं मात्र काढून टाका.

मिश्रण मी साधारण असं करतो: धुतलेलं कोकोपीट चार भाग, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) दोन, झाडाच्या सालीचे किंवा लाकडी कोळशाचे बारीक तुकडे दोन, जुनं गांडूळखत दोन. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, हवा खेळतेय, ती अवस्था या मिश्रणात जास्त काळ टिकते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या.

आता हवेबद्दल

हवेला पूर्ण निर्दोष सोडायचं नाही. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते, आणि या झाडाला ५०-६० च्या वर हवी असते. पानांवर फवारा मारल्याने ती काही मिनिटंच वाढते. बोअरच्या पाण्याचा फवारा असेल तर पानावर पांढरे ठिपके, एवढीच कमाई. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवण्याचा परिणाम इतका थोडा की आर्द्रतामापकाला तो दिसतही नाही. झाडं एकत्र ठेवा, पंख्याच्या आणि एसीच्या थेट झोतातून हलवा. ज्यांच्या बाथरूमला चांगली मोठी खिडकी आहे त्यांनी उन्हाळ्यापुरती तिथे सोय करावी. नागपूर-अमरावतीकरांचा डेझर्ट कूलर इथे उपयोगी पडतो: कूलर चालू असलेल्या खोलीत, झोतापासून लांब, कॅलॅथिया पुण्यातल्या एसीच्या खोलीपेक्षा बरं राहतं. अगदीच नाजूक झाड असेल तर पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी वरून सैल घाला आणि दिवसातून एकदा उघडून हवा द्या.

लाल कोळी

कोरड्या, गरम दिवसांत हा येतोच. कॅलॅथियाच्या बऱ्याच जातींचं पान खालून जांभळं असतं, त्यामुळे तो दिसत नाही. पांढरा टिश्यू ओला करून पानाच्या खालून ओढा. तांबूस-तपकिरी ओरखडे उमटले तर आहे. जाळं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

झाड वेगळं करा. शॉवरखाली पानांची खालची बाजू जोराने धुवा, हे अर्धं काम. मग एका लिटर पाण्यात ५ मिलि नीम ऑइल आणि एक-दोन मिलि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण नीट घुसळून, संध्याकाळी, एका पानावर आधी चाचणी करून, खालून फवारा. एका फवारणीत संपत नाही, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही आणि गरमीत आठवडाभरात नवी पिढी तयार होते. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करावंच लागतं. कृषी सेवा केंद्रात "किडीचं काहीतरी द्या" म्हटलं की इमिडाक्लोप्रिड हातात पडतं. ते घेऊ नका. कोळी हा कीटकच नाही, आठ पायांचा आहे, त्याच्यावर ते चालत नाही आणि उलट कोळी वाढल्याचा अनुभव शेतीतही आहे. पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण ते भर उन्हाळ्यात आणि तेलाच्या फवारणीनंतर लगेच मारलं तर पानं भाजतात, म्हणून घरात मी त्याच्या वाटेला जात नाही.

खत, ऊन, थंडी: थोडक्यात

करपणाऱ्या झाडाला खत घालू नका, खत हेही मीठच. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मातीत, एवढं पुरे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइड असतं, ते या कुंड्यांत नको. कांद्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, ताक, केळ्याच्या सालीचा अर्क ज्यांना घालायचाय त्यांनी मोगऱ्याला घालावा.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची किंवा पडद्याआडची. "कमी उजेडातलं झाड" म्हणून विकतात त्यावर जाऊ नका. अंधारात माती वाळत नाही आणि मुळं जातात. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरच्या रात्री बाल्कनीत ठेवू नका, १५ अंशांच्या खाली पानं काळवंडतात.

नवीन घेताना

मार्च ते मे कॅलॅथिया विकत घेऊ नका. नर्सरीतल्या शेडनेटच्या दमट हवेतून थेट तुमच्या कोरड्या हॉलमध्ये आलं की पानं जातात, मग तुमचं पाणी कितीही चांगलं असो. जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, म्हणजे त्याला रुळायला चार-पाच महिने मिळतात. पाण्याचा आकडा ३०० च्या वर आणि आरओ नाही, अशा घरात ऑर्बिफोलिया, व्हाइट फ्यूजन, झेब्रिना यांच्या नादी लागू नये. लांब, नागमोडी कडेच्या पानांचं लँसिफोलिया, ज्याला रॅटलस्नेक म्हणून विकतात, ते बरंच सोसतं. टेनँथे त्याहून चिवट. मॅरांटा तर कडा जळल्या तरी पेराखाली छाटून पाण्यात ठेवलं की मुळं धरतं. कॅलॅथियाचं तसं होत नाही, पानाचा देठ पाण्यात ठेवून काही उगवत नाही. गड्डा सोडवून, प्रत्येक भागाला मुळं आणि कोंब येतील असे वेगळे करावे लागतात, आणि तेही पाऊस सुरू झाल्यावरच.